बांगडीतून दिसलेली विहीर

हुरडा खायला साहेब आले, त्या दिवशी सिदूला स्वतःच्याच विहिरीवर बसून आगटी फुंकावी लागली.

विहीर म्हणजे आता कुठली विहीर! वर काळी माती, मातीत डोक्याएवढा शाळू, आणि शाळू कापून मोकळ्या केलेल्या जागेत अंथरलेल्या शाळेच्या सतरंज्या. खाली सिदूच्या बापानं सुरुंग लावून पाडलेली, घडीव दगडानं बांधून काढलेली विहीर मुरमानं गच्च भरलेली.

हे केलं अमरसिंहानं. बेंबळीच्या अलीकडं डांबरी सोडून आत गेलं की जे गाव लागतं, त्या गावाचं निम्मं शिवार त्याचं. शाळेच्या संस्थेचा अध्यक्षही तोच. एवढं असून माणसाची हाव बघा. सिदूच्या रानाला त्याचं रान लागून, आणि दर पेरणीला त्याचा ट्रॅक्टर मधला बांध थोडा थोडा कोरायचा. कोरत कोरत विहिरीपाशी येऊन अडला. सिदूची हद्द विहिरीच्या पलीकडं संपते, हे गावातलं शेंबडं पोरगंही सांगायचं. बांध सरकवता येतो, विहीर कशी सरकवणार? मागच्या उन्हाळ्यात सिदू आणि त्याची बायको सिताबाई मेंढरं घेऊन भूमच्या डोंगराकडं चारणीला गेली होती, लेक शिवकन्या सुटीची जळकोटला मावशीकडं. तेवढ्यात जेसीबी लागला. पावसाच्या तोंडावर घरची माणसं परत आली, तर विहिरीच्या जागी सपाट रान आणि रानात अमरसिंहाची पेरणीची पाभर चाललेली.

विहिरीची सातबाऱ्यावर कधी नोंदच झाली नव्हती. सिदूनं तालुक्याला खेटे घातले. शेवटी पाहणीला मंडळ अधिकारी येणार असं ठरलं, तर अमरसिंहानं त्यांना हुरड्याचंच आवतण दिलं. पाहणी तिथंच, हुरडा तिथंच. वर सिदूला निरोप, की आगटी तुझ्यासारखी कुणाला लावता येत नाही, तू ये. शिवकन्या शाळेत चित्रकला शिकवायची, तीही मानधनावर, तिला निरोप की सतरंज्या घेऊन ये. बाप-लेकीनं मान खाली घालून दोन्ही कामं केली. नोकरी त्याच्या हातात, मग करणार काय?

सिदू गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसत होता, तळहातावर चोळून गरम दाणे साहेबांच्या ताटलीत टाकत होता. चोळून चोळून त्याचे पंजे लाल झाले होते. साहेबांनी विचारलं, विहीर नेमकी कुठं होती म्हणता? सिदूनं आगटीकडं बोट केलं. म्हणाला, "ह्यीच. ह्या इस्तवाखाली."

सतरंजीवर हशा पिकला. अमरसिंह साहेबांच्या कानाशी वाकला, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलला. "म्हातारं मानूस हाय सायेब. मेंढरामागं उन्हातानात फिरून भास हुतेत त्येला. हितं विहीर कवाच नव्हती."

साहेबांनी रामकिसनला विचारलं. हा रामकिसन जन्मभर त्या विहिरीचं पाणी प्यालेला, त्याच्या बैलांनी पण तेच पाणी प्यालेलं. त्यानं तळहातावरच्या दाण्यांवरचं फोलपट फुंकलं आणि आठवत नाही म्हणाला. मग ज्याला विचारलं त्यानं तेच सांगितलं. शिवकन्या शेंगाच्या चटणीचं ताट घेऊन उभी होती. तिला वाटलं, हे ताट असंच्या असं अमरसिंहाच्या डोळ्यांत पालथं करावं. पण तिनं ते सगळ्यांपुढून फिरवलं, त्याच्यापुढूनसुद्धा.

त्यानंतर सिदू घरात बोलेनासा झाला. सकाळी मेंढरं घेऊन पार पाझर तलावाकडं जायचा, कारण जवळ पाणीच उरलं नव्हतं. सिताबाई हापशावरून डोक्यावर घागर, कमरेवर घागर अशा खेपा घालायची. मानेची शीर आखडली की दाराला पाठ लावून बसायची आणि अमरसिंहाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. एका सकाळी मेंढरं सोडता सोडता सिदू थांबला आणि लेकीला हळूच म्हणाला, "शिवकन्या, हुती न्हवं गं विहीर?"

पाणी गेलं, बांध गेला, ते एकवेळ सोसलं असतं. पण आता बापाचा स्वतःच्याच डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता. शिवकन्या म्हणाली, "हुती आण्णा. म्या त्यात पवायला शिकले." आणि शाळेच्या वाटेला लागली ती दात आवळूनच. माझ्या बापाला भास होतो म्हणता काय? थांबा, आता सगळ्या गावालाच भास दाखवते. तुमच्याच अंगणात.

शाळेत तेव्हा प्रकल्पाचे दिवस चालले होते. हेडमास्तरांनी फर्मान काढलं होतं, की प्रत्येक विषयाचा एक प्रकल्प सव्वीस जानेवारीला पाहुण्यांना दाखवायचा. चित्रकलेचा म्हणजे अर्थात झेंड्याखालची रांगोळी, असं ते धरून चालले होते. शिवकन्या म्हणाली, डोळ्याला फसवणारी चित्रं करू. हेडमास्तरांनी विचारलं, रांगोळीएवढ्या जागेत होईल का? ती हो म्हणाली.

पहिल्या दिवशी तिनं सातवीच्या पोरांना कागदावर स्वतःचा पंजा ठेवून पेन्सिलीनं गिरवायला लावला. मग कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडव्या रेघा. पंजाबाहेर रेघ सरळ, पंजाच्या आत शिरली की कमानीसारखी वर चढायची, बाहेर पडली की पुन्हा सरळ. पोरांनी जिभा बाहेर काढून रेघा मारल्या. कागद लांब धरून बघितला, तर सपाट कागदातून पंजा फुगून वर आलेला. वर्गात नुसता कालवा झाला. एकजण पंजाला हात लावून बघायला लागला, एकानं कागद उलटा करून मागं काय आहे ते पाहिलं.

शिवकन्या म्हणाली, "डोळा रेघंवर इस्वास ठिवतो. रेघ वाकडी झाली की डोळ्याला वाटतं, जमीनच वाकडी झाली. कळलं का?"

सगळ्यात सुरेख पंजा निकिताचा होता. निकिता म्हणजे अमरसिंहाची मुलगी. हात असा स्थिर, की रेघ कुठं थरथरायची नाही. शिवकन्या तिच्या वहीकडं बराच वेळ बघत राहिली. खरं सांगायचं तर तिला तेव्हा आनंद झाला, आणि तो चांगला आनंद नव्हता. याच्याच लेकीच्या हातानं काढून घेते, असं तिच्या मनात आलं.

मग जमिनीवरचं काम. शाळेच्या दारातून आत आलं की सिमेंटचं अंगण, पलीकडं झेंड्याचा कट्टा. दारात तिनं वाळूच्या डब्यात बांबू रोवला आणि आईची एक काचेची बांगडी दोऱ्यानं त्या बांबूला बांधली. चित्र बघायचं ते त्या बांगडीतून, एक डोळा मिटून. एकानं दारात बांगडीला डोळा लावायचा, बाकीच्यांनी अंगणात खडू घेऊन बसायचं. बांगडीवाला सांगेल तसा खडू सरकवायचा, मागं, अजून मागं, डावीकडं. जवळून बघावं तर सगळं रबर ताणल्यासारखं लांबडं. बांगडीतून बघावं तर बरोबर गोल. बांगडीला डोळा लावायला बहुतेक वेळा निकिताच असायची, कारण तिची नजर पक्की. मध्ये मध्ये शिवकन्या वाकून स्वतः बघायची. चुना, गेरू, कोळशाची पूड, त्यात बाभळीचा डिंक. पोरांचे गुडघे, कोपर, नाकाचे शेंडे काळे झाले. घरी बोलणी खाऊन परत दुसऱ्या दिवशी हजर.

पोरांना तिनं एवढंच सांगितलं, की आपण विहीर काढतोय. कुठली ते सांगितलं नाही. पण तिनं त्यात एक दगड सोडला नाही. उतरायच्या पायऱ्या, त्यातली तुटकी पायरी, काठावरचं मोट ओतायचं थारोळं, कपारीत उगवलेली उंबराची फांदी. आणि आत पाण्याच्या वर कोनाड्यात शेंदूर फासलेले आसराचे सात गोटे. आसरा म्हणजे पाण्याच्या देवी. आपल्याकडं विहीर असली की आसरा असतातच, आणि आसरापुढं पायताण घालून कुणी जात नाही. येळवसला, म्हणजे वेळा अमावस्येला, सगळं गाव रानात जेवायला गेलं की बाया त्यांची ओटी भरतात. अमरसिंहाच्या घरच्या बायासुद्धा त्या विहिरीवर यायच्या, कारण आसपास तेवढीच एक जुनी विहीर. शेंदराला निकितानं कुंकू आणि तेल घरून आणलं.

शिवकन्येच्या मनातला बेत असा. हुरडा गोड लागलेले साहेबच सव्वीस जानेवारीला पाहुणे. त्यांच्या बरोबरीनं अमरसिंह दारातून आत येणार, आणि पुढ्यात बुजवलेली विहीर आ वासून उभी. दचकणार, मागं सरकणार, कदाचित पडणारसुद्धा. पडला तर फारच उत्तम. साहेबांपुढं त्याच्या तोंडून काहीतरी निघेलच. रोज रात्री ती हे मनात बघायची आणि मगच तिला झोप लागायची.

सव्वीस जानेवारीला अमरसिंह खळ लावलेल्या पांढऱ्या कपड्यांत आला. सोबत साहेब. शिवकन्या कट्ट्यापाशी नारळाचं ताट धरून उभी. सगळं गाव भिंतीकडेनं, सिदूही पार मागं, घोंगडं खांद्यावर टाकून. अमरसिंह दारात थांबला. खाली बघितलं.

"ह्या कसल्या रेघोट्या वडल्यात?" असं म्हणून तो सरळ चालत आला. पायऱ्यांवरून, पाण्यावरून, आसरावरून, करकर वाजणाऱ्या चपला घालून. मागं साहेब. दोघांना काहीसुद्धा दिसलं नव्हतं.

शिवकन्येनं दाराकडं बघितलं आणि तिच्या ध्यानात आलं. बांगडी निकिताच्या उंचीला बांधलेली होती. पोरांना बघता यावं म्हणून तिनंच ती तिथं बांधली होती, आणि स्वतः वाकून वाकून बघायची अशी सवय लागली, की मोठं माणूस वाकून आत येत नाही हे डोक्यातच राहिलं नाही. बांगडीच्या वरून बघणाऱ्याला ती विहीर नव्हतीच, नुसता लांबडा काळा फरांटा होता. शिकवलं पोरांना, आणि फसली स्वतः. तिला रडू येत होतं आणि हातात ताट होतं.

झेंडा झाला, राष्ट्रगीत झालं. अमरसिंह माईक धरून उभा राहिला आणि गावाच्या एकीवर बोलायला लागला.

तेवढ्यात दारातून निकिता आली, आजीला हाताला धरून. विठाबाई म्हणजे अमरसिंहाची आई. म्हातारी कमरेत एवढी वाकलेली, की नातीच्या खांद्याला लागायची. एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला, दुसऱ्यानं दिसायचं. गुडघ्यांमुळं कित्येक वर्षांत रानात गेली नव्हती. निकितानं तिला बांबूपाशी आणून उभं केलं आणि बांगडीतून बघ म्हणाली. बांगडीची गरजच पडली नाही. विठाबाई जागच्या जागी थांबली. तिनं आधी एका पायातली, मग दुसऱ्या पायातली चप्पल काढली. पदर डोक्यावरून नीट घेतला, खाली बसली आणि हात जोडले.

पोरं हसली. निकितासुद्धा हसत म्हणाली, आजी, चित्र आहे ते, मी काढलंय.

"गप," विठाबाई म्हणाली. "आसरापुढं हसू नगं." मग तिनं मान वर करून माईकवाल्या लेकाला हाक मारली. म्हातारीला ऐकू कमी, त्यामुळं आवाज सगळ्या अंगणात गेला. "आमर, आरं येळवसला न्हेतो, येळवसला न्हेतो म्हणून न्हेलंच न्हाईस. सिदूच्या विहिरीवरच्या आसराची वटी ऱ्हायली बघ माझी. आता त्याच हितं आल्यात."

माईकवर नुसता घरघर आवाज राहिला. मागं भिंतीपाशी सिदूनं खांद्यावरचं घोंगडं खाली ठेवलं.

अमरसिंह तरातरा कट्ट्यावरून उतरला. आईला दंडाला धरून उठवायला लागला. ती उठेना. तो म्हणाला, "आई, चुना अन् कोळसा हाय ह्यो. हे बघ, म्या पाय देतो." आणि त्यानं पाय उचलला.

विठाबाईनं त्याचा घोटा धरला. "पाय न्हाय द्यायचा. ह्योच पाय धरून सिदूनं तुला ह्या विहिरीतनं भाईर काढलाय. पवायला शिकताना भोपळा सुटला हुता पाठीचा. निळा पडला हुतास."

अमरसिंह एका पायावर उभा होता. सगळं गाव बघत होतं. मगाशी याच चित्रावरून करकर चालत गेलेला माणूस, पण आता त्याचा पाय खाली येईना. शेवटी त्यानं तो मागं घेतला.

साहेब खुर्चीवरून उठून आले होते. त्यांनी म्हातारीपाशी बसून विचारलं, की आजी, ही विहीर कुठं आहे?

"कुठं म्हंजी? आमच्या बांधाला लागून, सिदूच्या रानात. माझं लगीन हून आले तवापासनं हाय की." तिला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं होतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की विहीर बुजवली.

साहेबांनी मान वळवून भिंतीकडं बघितलं. पहिल्यांदा रामकिसनच पुढं आला. त्यानं पायातली पायताणं काढून हातात घेतली होती. म्हणाला, "हुती साहेब. म्या खोटं बोललो." मग त्याच्या मागं एक, त्याच्या मागं आणखी एक. ज्यांना आठवत नव्हतं त्यांना तुटकी पायरीसुद्धा आठवली. साहेबांनी अमरसिंहाकडं न बघता सांगितलं, की येत्या सोमवारी मोजणी करू आणि माती उकरून बघू. नारळाचं ताट शिवकन्येच्या हातातच राहिलं. नारळ फोडायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

गाव पांगलं ते चित्राला वळसा घालून. दारातून बाहेर जायला अंगणाच्या कडेकडेनं, भिंतीला अंग घासत. सिदू तेवढा विहिरीपाशी थांबला. तो काठीवर रेलून खाली वाकला, अगदी पोराएवढा, आणि कितीतरी वेळ बघत राहिला. मग लेकीकडं बघून एकदा मान हलवली आणि मेंढरांकडं गेला. शिवकन्येला त्या एका मान हलवण्यात सगळं मिळालं. तिला वाटलं, आता नोकरी गेली तरी चालेल.

निकिता मागं राहिली होती. तोंड उतरलेलं. तिनं विचारलं, "मॅडम, तुमी माझ्याकडनं मुद्दाम काढून घेतलं का?"

खोटं बोलता आलं असतं. शिवकन्या म्हणाली, "व्हय."

पोरीनं बोटांना लागलेला शेंदूर फ्रॉकला पुसला आणि ती निघून गेली. ते तेवढं शिवकन्येला लागलं. पण पश्चात्ताप झाला असं म्हणाल तर नाही. पुन्हा वेळ आली असती तर तिनं पुन्हा तिच्याच हातानं काढून घेतलं असतं.

ऊन उतरल्यावर अमरसिंहाचा गडी बादली आणि खराटा घेऊन आला. मालकानं अंगण धुवायला सांगितलंय म्हणाला. दारात आला, आसराकडं बघितलं, बादली-खराटा तिथंच ठेवला आणि हे काम माझ्यानं व्हायचं नाही म्हणून परत गेला. थोड्या वेळानं स्वतः मालकच आला. कपडे तेच, पण खळ मोडलेली. शिवकन्या कट्ट्यावर बसून गेरूच्या वाट्या एकमेकींत घालत होती. उठली नाही.

"पूस ते," तो म्हणाला. "उद्यापासनं शाळेत यायचं न्हाय. पर आधी ते पूस."

तिनं पुढची वाटी उचलली. त्यानं बाह्या सारल्या, खराटा काखेत धरला आणि बादलीची कडी धरायला वाकला.

वाकला आणि तसाच राहिला. त्याचा डोळा बांगडीएवढ्या उंचीवर आला होता. पुढ्यातलं सिमेंट फाटलं होतं. पायऱ्या खाली गेल्या होत्या, तुटक्या पायरीखाली पाणी होतं, काळं आणि गार, आणि पाण्याच्या वर सात गोटे. याच पायऱ्यांवरून तो पाठीला भोपळा बांधून उतरला होता. त्याच्या हातातून कडी सुटली आणि बादली कलंडून पाणी त्याच्याच पायांवर सांडलं. त्यानं एका पायातली चप्पल दुसऱ्या पायानं काढली. मग दुसरीही काढली.

"शिवकन्या," तो तसाच वाकून म्हणाला. या खेपेला आवाज खाली आला होता. "पूस बाई. तू काढलंस, तूच पूस."

"काढायचं काम माझं हुतं अध्यक्षसाहेब, ते म्या केलं," शिवकन्या म्हणाली. "बुजवायचं काम तुमच्या हातचं हाय. एकदा बुजवलीच हाय की. आता परत बुजवा, माझ्यादेखत."

तिनं वाट्या खाली ठेवल्या, पाय जवळ घेतले आणि ती कट्ट्यावर नीट बसली, बघायला.